कापूस, संत्री आणि कागदावरचे करार : व्यापार करारांचा विदर्भाला फायदा झाला की तोटा, हे मोजतात कसं?

१८ ऑगस्ट २०२५ ला केंद्रीय अर्थ मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. परदेशातून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क दुसऱ्या दिवसापासून माफ. ही माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, दहाच दिवसांत ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. विदर्भात तेव्हा पऱ्हाटी शेतात उभी होती, पहिली वेचणीही व्हायची होती.

सोशल मीडियावर लगेच दोन गट पडले. एक गट म्हणाला, अमेरिकेशी व्यापार करार व्हावा म्हणून विदर्भातल्या शेतकऱ्याचा बळी दिला. दुसरा म्हणाला, अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ जाहीर केलंय, अशा वेळी कापड उद्योग वाचवायला स्वस्त कापूस लागणारच. गंमत म्हणजे ज्या कराराच्या नावाने हे भांडण सुरू होतं, तो करार त्या दिवशी झालेलाच नव्हता.

आणि जे करार झालेले आहेत, त्यांचं काय? ऑस्ट्रेलियाशी आहे, आसियान देशांशी आहे, बांगलादेशसह दक्षिण आशियातल्या शेजाऱ्यांशी आहे, ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला सही झाली. प्रत्येक वेळी 'ऐतिहासिक करार' अशी बातमी येते, निर्यात किती अब्ज डॉलरने वाढेल हे सांगितलं जातं आणि विषय संपतो. यवतमाळच्या कापसाचं किंवा वरुडच्या संत्र्याचं पुढं काय झालं, हे मात्र क्वचितच कोणी तपासतं. ते तपासायचं कसं, हे समजून घ्यायला नागपूरच्या आसपासची ही दोन पिकं पुरेशी आहेत.

आधी कापूस : ११ टक्के आले कुठून?

बऱ्याच जणांना वाटतं की कापसावर कायमच आयात शुल्क होतं. तसं नाही. २ फेब्रुवारी २०२१ च्या आधी ते शून्य होतं. त्या वर्षीच्या बजेटमध्ये ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि या दोन्हींवर अधिभार असं मिळून ११ टक्के लागू झालं. २०२२ मध्ये रुईचा भाव खंडीला एक लाख रुपयांच्या पुढे गेला तेव्हा, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर २०२२ मध्ये, हे शुल्क काही महिन्यांसाठी माफ झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३२ मिलिमीटरपेक्षा लांब धाग्याच्या कापसावरून ते काढून टाकण्यात आलं. मग आली ऑगस्ट २०२५ ची माफी.

आता यात व्यापार करार कुठं आहे? एकाच ठिकाणी. भारत-ऑस्ट्रेलिया करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. त्यात भारताने दरवर्षी ५१ हजार टन ऑस्ट्रेलियन कापूस शुल्काशिवाय येऊ द्यायचं मान्य केलं. १७० किलोच्या गाठी धरल्या तर हा आकडा ३ लाख गाठींचा होतो. त्यापुढच्या प्रत्येक गाठीवर नेहमीचं शुल्क.

म्हणजे बघा, कित्येक वर्षांच्या वाटाघाटी, दोन्ही देशांचे मंत्री, शेकडो पानांचा मसुदा, आणि त्यातून कापसाला दार उघडलं ते ३ लाख गाठींपुरतं. त्याउलट ऑगस्टमधल्या अधिसूचनेत मर्यादाच नव्हती. कोणत्याही देशातून, कितीही आणा. करारात वस्तूंची यादी असते, कोटा असतो, आयात अचानक वाढली तर थांबवायची कलमं असतात. एकतर्फी शुल्कमाफीत यातलं काहीही नसतं, आणि बदल्यात समोरच्या देशाकडून काही मिळतही नाही. विदर्भाच्या कापसाला त्या वर्षी जो धक्का बसला, त्याचा हिशेब कराराच्या खात्यावर मांडला तर उत्तर चुकणारच.

धक्का बसला तरी किती?

माफी जाहीर झाल्यावर भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, आपल्याकडच्या रुईचा विक्री भाव दोन दिवसांत खंडीमागे ११०० रुपयांनी उतरवला. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. किलोला साधारण ३ रुपये झाले. एक क्विंटल कापसातून सरकी काढल्यावर ३४ किलोच्या आसपास रुई निघते. त्या हिशेबाने क्विंटलमागे फरक पडतो साधारण १०५ रुपयांचा.

१०५ रुपये हा आकडा ऐकून एक गट म्हणेल, एवढंच? दुसरा म्हणेल, ही तर सुरुवात होती. दोघंही अर्धे बरोबर आहेत, कारण ही घसरण फक्त शुल्कमाफीची होती की जगातल्या मंदीची, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

इथं आणखी एक गोष्ट अडचणीची आहे. कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाच्या अंदाजानुसार २०२४-२५ च्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते सप्टेंबर या काळात, सुमारे ४० लाख गाठी कापूस आयात झाला. आधीच्या हंगामात हा आकडा १५ लाखांच्या आसपास होता. आयात अडीच पटीच्या पुढे गेली, आणि त्या हंगामातले दहापेक्षा जास्त महिने ११ टक्के शुल्क लागूच होतं. कारण जगात कापूस स्वस्त होता, आपल्याकडे हमीभावामुळे भाव एका पातळीखाली जात नव्हता, निर्यातीच्या मालासाठी शुल्क न भरता कच्चा माल आणायची सोय होती आणि लांब धाग्याचा कापूस आधीच मोकळा होता. शुल्क होतं तेव्हा आयात कमी आणि गेल्यावर जास्त, असं सरळ गणित नाही.

मग शेतकऱ्याला हमीभावाचं संरक्षण होतंच की? होतं. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, आदल्या वर्षीपेक्षा ५८९ रुपये जास्त. आदल्या हंगामात सीसीआयने जवळपास १०० लाख गाठी खरेदी केल्या होत्या. पण हमीभाव त्यालाच मिळतो ज्याचा कापूस केंद्रावर घेतला जातो. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की कापूस परत. २०२५ मध्ये 'कपास किसान' या मोबाइल ॲपवर नोंदणी आवश्यक झाली. अतिवृष्टीने भिजलेला कापूस, दिवाळीसाठी लागणारा पैसा आणि नोंदणीत अडकलेला सातबारा अशा तिहेरी कात्रीत सापडलेला शेतकरी खेडा खरेदीवाल्याला विकून मोकळा होतो. आयातीचा फटका बसतो तो याला. सीसीआयला विकणाऱ्याचा तोटा सरकारी तिजोरीवर जातो, कारण सीसीआय महाग घेते आणि स्वस्त विकते. एकाच तालुक्यातल्या दोन शेतकऱ्यांवर एकाच निर्णयाचा परिणाम वेगळा होतो, आणि देशाच्या सरासरीत तो दिसत नाही.

आता संत्री : करार असूनही दार बंद

कापसाच्या बाबतीत करार नव्हता आणि फटका बसला. संत्र्याच्या बाबतीत करार आहे आणि तरीही फटका बसला.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यातलं हे संत्रं चवीला जगात भारी, पण सालीला सैल आणि टिकायला नाजूक. त्यामुळे दूरच्या बाजारात पाठवणं कठीण. जवळची सगळ्यात मोठी परदेशी बाजारपेठ म्हणजे बांगलादेश. ट्रक भरायचे, पेट्रापोल-बेनापोलच्या सीमेवरून पलीकडे पाठवायचे, हा वर्षानुवर्षांचा धंदा.

२०१९ मध्ये बांगलादेशात भारतीय संत्र्यावर किलोला साधारण २० रुपये शुल्क पडायचं. ते दरवर्षी वाढत गेलं आणि २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर पोहोचलं. बागेत किलोला जो भाव मिळतो, त्याच्या कितीतरी वर. ट्रक कमी झाले, माल देशांतर्गत बाजारात आला आणि कळमना मार्केटपासून दिल्लीपर्यंत भाव दबले. राज्य सरकारने २०२३ मध्ये निम्मं शुल्क, म्हणजे किलोमागे ४४ रुपये, अनुदान म्हणून द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी १७१ कोटी रुपयांची तरतूद केली. भागाकार करून पाहिला तर एवढ्या पैशात साधारण ३९ हजार टन संत्री पलीकडे जातात. दुसऱ्या देशाने लावलेला कर महाराष्ट्राच्या तिजोरीतून भरायचा, असा हा उलटा प्रकार.

पण थांबा, बांगलादेशशी आपला मुक्त व्यापार करार नाही का? आहे. 'साफ्टा' म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्र. ६ जानेवारी २००४ ला इस्लामाबादमध्ये सही झाली, १ जानेवारी २००६ पासून लागू. मग किलोला ८८ रुपये कुठून आले?

उत्तर बारीक अक्षरात आहे. असे करार मुख्यतः मूळ सीमाशुल्काला हात घालतात. बांगलादेशात आयात मालावर त्याशिवाय पूरक शुल्क आणि नियामक शुल्क असे वेगळे थर असतात. मे २०२२ मध्ये डॉलरचा साठा आटू लागला तेव्हा ढाक्याने फळांसकट शंभराहून जास्त वस्तूंवरचं नियामक शुल्क वाढवलं. फळांच्या बाबतीत ते ३ टक्क्यांवरून थेट २० टक्के झालं. फळं म्हणजे चैन, असा हिशेब. हे थर साफ्टाच्या शुल्ककपातीत मोजलेच जात नाहीत. अर्थतज्ज्ञ याला छुपं शुल्क म्हणतात, आणि दक्षिण आशियात आपापसातला व्यापार इतका कमी का आहे याची कारणं सांगताना ते यावर नेहमी बोट ठेवतात.

सगळा दोष शुल्काला देऊन चालणार नाही, हेही खरं. याच काळात आंबिया बहारात फळगळ झाली, अतिवृष्टी झाली, कोळशीने बागा काळ्या पडल्या, पंजाबचा किन्नू बाजारात आला. प्रक्रिया उद्योग तर कित्येक वर्षं फक्त घोषणांत होता. नागपूरच्या मिहानमध्ये मोठा फळप्रक्रिया प्रकल्प सुरू व्हायला मार्च २०२५ उजाडलं.

याउलट ज्या ऑस्ट्रेलियाची भीती घातली गेली, तिथल्या संत्र्याला करारात १३,७०० टनांपर्यंत निम्म्या शुल्काची सवलत आहे. पण तिकडचा हंगाम मुख्यतः मे ते ऑक्टोबर. आपला आंबिया दिवाळीच्या आगेमागे उतरतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोघं बाजारात फारसे भेटतच नाहीत. करारावर चर्चा झाली ती ऑस्ट्रेलियाच्या संत्र्याची, नुकसान झालं ते बांगलादेशच्या शुल्काने.

मग अभ्यासक मोजतात काय?

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे कराराच्या आधी आणि नंतर. आधी आयात इतकी होती, नंतर इतकी झाली, म्हणजे करार वाईट. व्हॉट्सॲपवर फिरणारे बहुतेक आकडे याच जातीचे असतात. अडचण ही की त्याच काळात बाकी जगही बदलत असतं. करार झालाच नसता तर काय झालं असतं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कुठल्याही सरकारी तक्त्यात छापलेलं नसतं. ते अंदाजानेच काढावं लागतं.

त्यासाठी अर्थशास्त्रात एक जुनं साधन आहे, गुरुत्वाकर्षण मॉडेल. डच अर्थतज्ज्ञ यान टिंबर्गेन यांनी १९६२ मध्ये ते व्यापाराला लावलं. कल्पना साधी आहे. दोन अर्थव्यवस्था जितक्या मोठ्या तितका त्यांच्यातला व्यापार जास्त, जितक्या दूर तितका कमी. या हिशेबाने दोन देशांत किती व्यापार 'व्हायला हवा' ते काढायचं आणि करार केलेल्या देशांत त्यापेक्षा किती जास्त झाला ते पाहायचं. नागपूरची संत्री ढाक्याला जाणं आणि लंडनला न जाणं, दोन्ही या मॉडेलमध्ये बसतं.

दुसरा प्रश्न अर्थतज्ज्ञ जेकब व्हायनर यांनी १९५० मध्येच विचारला होता. करारामुळे नवा व्यापार तयार झाला, की फक्त विक्रेता बदलला? तिरुपूरच्या सूतगिरणीने अमेरिकेऐवजी ऑस्ट्रेलियाच्या गाठी घेतल्या तर यवतमाळला काही फरक पडत नाही. तिने यवतमाळऐवजी ऑस्ट्रेलियाच्या घेतल्या तर पडतो. आयातीचा आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसतो.

पद्धत बदलली की उत्तर किती बदलतं याचा नमुना दिल्लीतच आहे. नीती आयोगाच्या २०१८ च्या टिपणात म्हटलं होतं की आसियान, कोरिया, जपान यांच्याशी करार झाल्यानंतर व्यापारी तूट वाढली आणि भारतीय निर्यातदार या करारांतल्या सवलती जेमतेम ५ ते २५ टक्केच वापरतात. दोनच वर्षांनी, २०१९-२० च्या आर्थिक पाहणीत याच करारांचा हिशेब दुसऱ्या पद्धतीने मांडला गेला. करार नसते तर काय झालं असतं याच्याशी तुलना केली, आणि निष्कर्ष निघाला की करारांमुळे एकूण वस्तू निर्यात १०.९ टक्क्यांनी वाढली, आयात ८.६ टक्क्यांनी. म्हणजे फायदा. दोन्ही कागद सरकारीच. वादात ज्याला जो सोयीचा वाटतो, तो तो पुढे करतो.

या दोन्हीत एक गोष्ट मात्र सारखी आहे. दोन्ही अख्ख्या देशाचा हिशेब मांडतात, जिल्ह्याचा नाही. बांगलादेशचंच घ्या. २०२४-२५ मध्ये भारताने तिकडे ११ अब्ज डॉलरच्या वर माल पाठवला आणि आणला साधारण २ अब्ज डॉलरचा. देशाच्या वहीत हा घसघशीत नफा आहे. वरुडच्या बागायतदाराच्या वहीत त्याच वर्षी तोटा आहे. दोन्ही वह्या खऱ्या आहेत.

यात आणखी एक पीळ आहे. बांगलादेशला जाणाऱ्या भारतीय मालात कापूस आणि सुताचा वाटा मोठा असतो. त्याच कापसाचे शर्ट शिवून ते भारतात येतात आणि त्यांच्यावर शुल्क नसतं, कारण अल्पविकसित देश म्हणून भारताने २०११ मध्ये दारू-तंबाखूसारख्या २५ वस्तू सोडून बांगलादेशच्या सगळ्या मालाला मोकळीक दिली. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशने खुष्कीच्या मार्गाने येणारं भारतीय सूत थांबवलं, मे महिन्यात भारताने त्याच मार्गाने येणारे कपडे थांबवले. विदर्भ या साखळीच्या दोन्ही टोकांना आहे, कापूस देणाराही तोच आणि शर्ट घेणाराही.

सोयाबीनची तीच तऱ्हा

सोयाबीनवाल्यांचा राग पामतेलावर असतो आणि आसियान करारावर फोडला जातो. १ जानेवारी २०१० ला लागू झालेल्या त्या करारात भारताने कच्च्या पामतेलावरचं शुल्क ८० टक्क्यांवरून २०१९ पर्यंत ३७.५ टक्क्यांवर आणायचं कबूल केलं होतं. प्रत्यक्षात भारताने महागाईच्या धास्तीने १ एप्रिल २००८ लाच ते शून्य केलं होतं, करार लागू व्हायच्या आधी. ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्के झालं, तेही स्वतःहून. कराराने घातलेल्या मर्यादेपेक्षा दिल्लीचा स्वतःचा निर्णय जास्त खाली होता. तेल स्वस्त ठेवायचं की सोयाबीनचा भाव, या ओढाताणीत शहरातला ग्राहक जिंकतो आणि बिल मलेशियाच्या नावावर फाटतं.

ब्रिटनच्या करारातून विदर्भाला काय?

या करारानुसार भारतीय तयार कपड्यांवरचं १२ टक्क्यांपर्यंतचं ब्रिटिश शुल्क शून्यावर येणार आहे. बांगलादेशला ही सवलत आधीपासूनच आहे, म्हणजे भारताला आता बरोबरीने उभं राहता येईल. पण हा फायदा कपडा शिवणाऱ्याला मिळतो. विदर्भातून बहुतांश रुईच्या गाठी बाहेर जातात, शिवलेले शर्ट नाही. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. तिथं शिलाईची यंत्रं किती आणि कधी चालू होतात, यावर ब्रिटनच्या कराराचा विदर्भातला हिस्सा ठरेल. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली होती ती याच हिशेबाने, जिथं कापूस तिथंच कापड. आज त्या जागेवर मॉल आहे.

पुढची तारीख

बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याची ठरलेली तारीख २४ नोव्हेंबर २०२६ आहे. त्यानंतर भारतात कपडे शुल्काशिवाय पाठवायची सवलत त्यांना आपोआप मिळणार नाही, ती मागावी लागेल. दोन्ही देशांमध्ये सर्वंकष आर्थिक भागीदारी करार व्हावा का, याचा संयुक्त अभ्यास २०२२ मध्येच पूर्ण झाला होता. करार फायद्याचा ठरेल, असा त्याचा निष्कर्ष होता. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झालं आणि ती बोलणी मागे पडली.

ती पुन्हा सुरू होतील तेव्हा भारताच्या हातात देण्यासारखं काहीतरी असेल, म्हणजे मागताही येईल. पूरक आणि नियामक शुल्कही करारात मोजा, ही मागणी तेव्हा कोणी केली नाही तर साफ्टाची बारीक अक्षरं नव्या कागदावर तशीच उतरतील. ११ अब्ज डॉलरच्या निर्यातीत संत्री ही एक छोटीशी ओळ आहे. ती मागणीच्या यादीत वर आणायची तर शुल्क वाढल्यापासून किती ट्रक कमी झाले, कोणत्या बहारात भाव किती पडला आणि त्यातलं फळगळीमुळे किती, हा तालुक्यागणिक हिशेब कोणाला तरी आधी मांडावा लागेल. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था नागपुरातच आहे, कळमन्यात आवकेची रोजची नोंद होते आणि सीमेवरून गेलेल्या प्रत्येक ट्रकची नोंद कस्टम्सकडे असते. २४ नोव्हेंबरच्या आठवड्यात काटोल-वरुडच्या बागांत आंबियाची तोडणी सुरू असेल.